आगमनकाळ : ख्रिस्ती प्रतीक्षेचा इतिहास

आगमनकाळ म्हणजे नाताळापूर्वीचा चार रविवारांचा काळ. 30 नोव्हेंबरच्या, म्हणजे संत अंद्रियाच्या सणाला जो रविवार सर्वांत जवळचा, त्या रविवारी तो सुरू होतो आणि 24 डिसेंबरला संध्याकाळी संपतो. त्यामुळे तो कधी 22 दिवसांचा, तर कधी 28 दिवसांपर्यंत लांबतो. पाश्चात्त्य ख्रिस्ती पंथांचे उपासनावर्ष याच रविवारी सुरू होते. जन्माचा सण यायला अजून अवकाश असतो, वेदीवर जांभळे वस्त्र असते, आणि वर्षाचे पहिले काम म्हणून भाविकाला वाट पाहायला सांगितलेले असते.

ही वाट दुहेरी आहे. एकीकडे बेथलेहेममध्ये होऊन गेलेल्या जन्माची आठवण, दुसरीकडे काळाच्या शेवटी ख्रिस्त परत येईल या वचनाची आस. पहिली घटना घडून गेलेली आणि दुसरी अजून घडायची, या दोहोंच्या मध्ये ख्रिस्ती माणूस उभा असतो. ओढ, शंका आणि आशा या तिन्ही गोष्टी त्या मधल्या जागेतून येतात. आगमनकाळाचा इतिहास हा मुख्यतः या तिघींना उपासनेत, कालगणनेत आणि घरगुती चालीरीतींत जागा कशी मिळत गेली याचा इतिहास आहे.

शब्द आणि मुळे

‘आगमन’ हा लॅटिन ‘आद्‌व्हेंतुस’ या शब्दाचा मराठी पर्याय. रोमन साम्राज्यात या शब्दाला राजकीय अर्थ होता. सम्राट एखाद्या नगरात येणार असला की नगरजन वेशीबाहेर जाऊन त्याला सामोरे जात आणि वाजतगाजत आत आणत. या सोहळ्याला ‘आद्‌व्हेंतुस’ म्हणत, आणि त्याच्या स्मरणार्थ हा शब्द कोरलेली नाणीही पाडली जात. ग्रीक भाषेत याच अर्थाने ‘पारूसिया’ हा शब्द चाले. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी राजाच्या स्वारीचा हा शब्द उचलला आणि क्रुसावर मारल्या गेलेल्या एका सुताराच्या पुनरागमनासाठी वापरला.

प्रतीक्षेची मुळे मात्र यहुदी धर्मग्रंथांत आहेत. इ.स.पू. 586 मध्ये बॅबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले आणि तिथल्या लोकांना बंदी करून नेले. त्या आपत्तीच्या छायेत घडलेल्या साहित्यात देवाची वाट पाहणे हा नित्याचा विषय झाला. हबक्कूक हा संदेष्टा पहारेकऱ्याच्या बुरुजावर जाऊन उभा राहतो. तो देवाकडे उघड तक्रार करतो आणि उत्तर येईपर्यंत हलणार नाही असे म्हणतो. त्याला उत्तर मिळते ते एवढेच की दर्शनाला उशीर झाला तरी वाट पाहा. स्तोत्रसंहितेतील तेराव्या स्तोत्राच्या आरंभी तर ‘कुठवर?’ हा प्रश्न लागोपाठ चार वेळा येतो. हा जाब विचारणारा सूर प्रार्थनेतून गाळला गेला नाही. तो प्रार्थनेचाच भाग म्हणून जपला गेला आणि पुढे ख्रिस्ती उपासनेत जसाच्या तसा आला.

शुभवर्तमानांतही येशूच्या जन्माभोवती वाट पाहणारी माणसे आहेत, आणि त्यांतली बहुतेक वृद्ध आहेत. जखऱ्या या याजकाला म्हातारपणी मुलगा होईल असे सांगितले जाते. त्याला ते खरे वाटत नाही, म्हणून मुलाचे नाव ठेवले जाईपर्यंत त्याची वाचा बंद होते. शिमोन मंदिरात येतो आणि बाळाला हातांत घेतल्यावर आता डोळे मिटायला हरकत नाही असे म्हणतो. हन्ना ही विधवा वर्षानुवर्षे मंदिर सोडून कुठे जात नाही. जखऱ्याचा तोच मुलगा, बाप्तिस्मा करणारा योहान, मोठेपणी ख्रिस्ताचा अग्रदूत होतो. पण हेरोदाच्या तुरुंगात पडल्यावर तो आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारायला पाठवतो : येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? साऱ्या नव्या करारात वाट पाहणाऱ्याच्या शंकेचा इतका उघड उच्चार दुसरा नाही, आणि तो करणारा माणूस बघ्यांपैकी नाही. ज्याने ख्रिस्ताला सर्वांत आधी ओळखले, तोच आहे.

पहिल्या पिढीची प्रतीक्षा

येशूचे पहिले अनुयायी त्याच्या पुनरागमनाची वाट दिवस मोजत पाहत होते. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र ग्रीक भाषेत आहे, पण त्याच्या शेवटी ‘मारानाथा’ असा अरामी शब्दप्रयोग येतो. ‘आमच्या प्रभो, ये’ असा त्याचा अर्थ लावला जातो. ‘दिदाखे’ या जुन्या ख्रिस्ती उपासनापुस्तिकेतही हाच शब्द आहे. ग्रीक बोलणाऱ्या लोकांनी ही हाक भाषांतर न करता येशूच्या बोलीत तशीच जपली, यावरून ती त्यांच्या तोंडी किती रुळली होती ते कळते.

पण दिवसांमागून दिवस गेले, माणसे मरू लागली आणि प्रश्न उभे राहिले. इ.स. 50 च्या सुमारास पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला पत्र लिहिले. प्रभू येण्याआधीच जे वारले त्यांचे काय होणार, ही तिथल्या लोकांची चिंता त्यातून दिसते. पुढच्या पिढीतील पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात थट्टा करणाऱ्यांचा उल्लेख आहे. येणार येणार म्हणता ते वचन गेले कुठे, असे ते विचारत. पत्रलेखकाचे उत्तर असे की देवापाशी एक दिवस हजार वर्षांसारखा असतो, आणि हा विलंब म्हणजे माणसांना सुधारायला मिळालेली सवड आहे. विलंबाचा असा अर्थ लावल्यामुळे प्रतीक्षा एका पिढीपुरती राहिली नाही. ती पुढच्या पिढीला सोपवता येईल अशी गोष्ट झाली, आणि अशा गोष्टीला लवकरच कालगणनेत स्थान लागते.

उपवासाचे आठवडे

25 डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याची रोममधील नोंद चौथ्या शतकातली आहे. त्या सणापूर्वीच्या तयारीचा आरंभ मात्र रोममध्ये झालेला दिसत नाही. तो स्पेन आणि गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, या प्रांतांत झाला. इ.स. 380 मध्ये स्पेनमधील सारागोसा येथे भरलेल्या धर्मसभेने एक नियम केला. 17 डिसेंबर ते 6 जानेवारी या दिवसांत कोणीही चर्चमधून गैरहजर राहू नये, घरात दडून बसू नये, शेतमळ्यावर किंवा डोंगरात निघून जाऊ नये, अनवाणी हिंडू नये, असे त्यात म्हटले आहे. प्रिसिलियनच्या कडक विरक्त पंथाला आवर घालण्याचा हेतू त्यामागे होता. एकांतात जाऊन आपापली वाट पाहणाऱ्यांना सभेने मंडळीत परत बोलावले, आणि तेव्हापासून ही प्रतीक्षा सर्वांनी मिळून करायची गोष्ट ठरली.

पाचव्या शतकात तूर नगरीचा बिशप पर्पेत्युअस याने 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन उपवास घालून दिले. ही माहिती पुढच्या शतकातला त्याचा वारसदार, इतिहासकार ग्रेगरी ऑफ तूर, याने लिहून ठेवली आहे. इ.स. 580 च्या दशकात माकॉन येथील धर्मसभेने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे वार ठरवले. या काळाला ‘संत मार्टिनचा चाळिसा’ म्हणत. युरोपात हे दिवस पेरणी उरकल्यानंतरचे, जनावरे कापून मांस खारवण्याचे आणि कोठारे भरण्याचे. घरात धान्य आणि मांस असताना हात आवरायचा, असे या उपवासाचे स्वरूप होते.

रोममध्ये हा काळ छोटा राहिला. सहाव्या शतकात तिथे पाच किंवा चार रविवार पाळले जात. ते चारावर स्थिर करण्याचे श्रेय परंपरेने पोप पहिला ग्रेगरी (कारकीर्द 590–604) याला दिले जाते. त्याच्या काळी रोममध्ये महामारी होती आणि लोंबार्ड सैन्य दाराशी आले होते. सूर्यचंद्रांत दिसणाऱ्या चिन्हांच्या शुभवर्तमानावर प्रवचन करताना त्याने नुकत्याच झालेल्या वादळाची आठवण दिली आहे. त्यात जुनी झाडे उन्मळली होती आणि घरे पडली होती. त्या श्रोत्यांना जगाचा शेवट ही कल्पना पुस्तकातली वाटत नव्हती. आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यांत आजही जागे राहण्याचे आणि जगाच्या शेवटाचे उतारे वाचले जातात, त्यामागे ही जुनी रोमन बाजू आहे. उपवास आणि तपाची बाजू गॉलमधून आली. पुढच्या शतकांत या दोन धारा एकत्र झाल्या.

सर्व ठिकाणी मात्र चार रविवारांचा नियम लागू झाला नाही. मिलान शहराच्या अंब्रोसियन परंपरेत आजही सहा आठवडे पाळतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथांत नाताळापूर्वी चाळीस दिवसांचा उपवास असतो, तर इजिप्तमधील कॉप्टिक लोक 43 दिवस पाळतात. भारतातील सर्वांत जुना ख्रिस्ती समाज म्हणजे केरळमधील संत थोमाचे ख्रिस्ती. त्यांच्या सिरो-मलबार मंडळीत 1 डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा उपवास धरण्याची रीत आहे. त्या काळात मांसमासळी वर्ज्य असते आणि नाताळाच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेनंतर, उपवास सुटतो.

सात हाका

प्रतीक्षेतील ओढ सर्वांत सुंदर रीतीने बांधली गेली ती 17 ते 23 डिसेंबर या सात संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या सात लॅटिन पालुपदांत. ती आठव्या शतकापर्यंत प्रचारात आली होती. प्रत्येकाची सुरुवात ‘ओ’ या संबोधनाने होते, म्हणून त्यांना ‘ओ’ची पालुपदे म्हणतात. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत येशूची आई मरिया हिच्या स्तोत्राआधी आणि नंतर त्या दिवसाचे पालुपद गायले जाते. त्यात ख्रिस्ताला जुन्या करारातील एकेका नावाने हाक मारलेली असते आणि शेवटी ‘ये’ अशी विनवणी असते. सापिएन्सिया म्हणजे प्रज्ञा, आदोनाय म्हणजे प्रभू, रादिक्स म्हणजे इशायाचे मूळ, क्लाविस म्हणजे दाविदाची किल्ली, ओरिएन्स म्हणजे उगवता प्रकाश, रेक्स म्हणजे राष्ट्रांचा राजा आणि एम्मानुएल म्हणजे आम्हांमध्ये असलेला देव, अशी ही सात नावे क्रमाने येतात.

या नावांची लॅटिन आद्याक्षरे शेवटून सुरुवातीकडे वाचली की ‘एरो क्रास’ असे दोन शब्द होतात. त्यांचा अर्थ ‘उद्या मी असेन’. सहा दिवस गाणाऱ्याला ही जुळणी पुरी दिसत नाही. 23 तारखेला सातवे नाव उच्चारले गेले की मग मागे वळून पाहता सात दिवसांच्या हाकांतच उत्तर दडलेले सापडते.

मठांमध्ये ही पालुपदे सुरू करण्याचा मान वाटून दिलेला असे. फ्रान्समधील ल्वार नदीकाठच्या फ्लरी मठात पहिले पालुपद मठाधिपती सुरू करी. ‘मुळा’चे पालुपद माळ्याकडे असे आणि ‘किल्ली’चे कोठाऱ्याकडे, कारण कोठाराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत. ज्याची पाळी असेल त्याने त्या दिवशी इतर बंधूंना काहीतरी गोडधोड द्यायचे, अशीही अनेक मठांत चाल होती. वर्षभर वाफे खणणारा माळी त्या संध्याकाळी साऱ्या मठाच्या वतीने देवाला ‘मूळ’ म्हणून हाक मारी. इतकी मोठी तत्त्वज्ञानाची नावे अशी रोजच्या कामाला येऊन टेकत.

स्पेनमध्ये या दिवसांना आणखी एक जोड मिळाली. इ.स. 656 मध्ये तोलेदो येथील दहाव्या धर्मसभेने मरियेचा एक सण 18 डिसेंबरला नेमून दिला. पुढे तो गरोदर मरियेचा, प्रसूतीची वाट पाहणाऱ्या आईचा सण झाला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोक त्याला ‘ओ’ची माता असे म्हणतात. देवाची वाट कशी पाहावी हे सांगायला दिवस भरत आलेल्या स्त्रीचे उदाहरण या सणाने लोकांपुढे ठेवले. तिथे वाट पाहणे अंगात वाढत असते, आणि घाई करून काहीही हाती लागत नाही.

तिसरे आगमन

बाराव्या शतकात क्लेर्वो मठाचा मठाधिपती बर्नार्ड (1090–1153) याने आगमनकाळावरील प्रवचनांत ख्रिस्ताची तीन आगमने सांगितली. पहिले देह धरून झालेले, शेवटचे वैभवाने होणारे, आणि या दोहोंच्या मधले, जे माणसाच्या अंतःकरणात गुपचूप घडते. पहिले सर्वांनी पाहिले, शेवटचे सर्व पाहतील, मधले फक्त ज्याचे त्याला कळते. या मांडणीमुळे प्रतीक्षेचा रोख बदलला. दूरच्या भविष्याकडे लागलेले डोळे आतही वळू लागले, आणि मध्ययुगातील भक्तिपर लेखनात देवाची ओढ ही प्रियकराच्या ओढीसारखी लिहिली जाऊ लागली.

या परंपरेचे टोक सोळाव्या शतकात स्पेनमधील क्रुसाचा योहान याच्या कवितेत दिसते. कार्मेलाइट संघाच्या सुधारणेवरून झालेल्या वादात त्याच्याच संघबंधूंनी त्याला पकडले आणि डिसेंबर 1577 पासून पुढच्या ऑगस्टपर्यंत तोलेदोच्या मठात एका अरुंद कोठडीत कोंडून ठेवले. तिथेच त्याने काही कविता रचल्या. एका काव्यमालेत त्याने जुन्या काळच्या भक्तांची आणि वृद्ध शिमोनाची वाट पाहण्याची तगमग वर्णिली. दुसऱ्या एका काव्यात निघून गेलेल्या प्रियकराला शोधणारी वधू आहे. मराठी वाचकाला तिथे ज्ञानेश्वरांच्या विराण्या आठवल्याशिवाय राहणार नाहीत. नंतर गद्यात या अनुभवाला त्याने ‘काळोखी रात्र’ म्हटले. देव दूर गेला असे ज्या वेळी वाटते त्याच वेळी तो आत काम करत असतो, आणि म्हणून ती रात्र सोसण्यासारखी आहे, असे त्याचे म्हणणे.

पहाटेच्या मिस्सा आणि बंद दारे

सामान्य लोकांनी आगमनकाळ आपल्या रीतीने सजवला. मध्य युरोपात, विशेषतः ऑस्ट्रिया आणि पोलंडमध्ये, या आठवड्यांत उजाडण्यापूर्वी मरियेच्या सन्मानार्थ ‘रोराते’ मिस्सा होते. चर्चमधले दिवे लावत नाहीत. लोक बर्फातून कंदील आणि मेणबत्त्या घेऊन येतात आणि प्रार्थना संपेपर्यंत खिडक्यांतून उजेड येऊ लागतो. उत्तरेकडे हे वर्षातले सर्वांत काळोखे दिवस असतात, त्यामुळे पहाट येईपर्यंत मेणबत्तीवर निभावणे हा तिथे शब्दशः अनुभव असतो.

मेक्सिकोत इ.स. 1587 मध्ये अकोल्मान येथील ऑगस्टिनियन मठाच्या दिएगो दे सोरिया या प्रमुखाने नाताळापूर्वीच्या नऊ दिवसांच्या मिस्सांसाठी पोपची परवानगी मिळवली. त्यातून ‘पोसादा’ म्हणजे मुक्कामाची जागा मागण्याची लोकरीत वाढली. 16 ते 24 डिसेंबर रोज रात्री लोक योसेफ आणि मरिया यांच्या मूर्ती घेऊन दारोदार जातात आणि गाण्यातून आसरा मागतात. आतले लोक गाण्यातूनच नकार देतात. दोन-तीन दारे अशी बंद राहतात, मग एक दार उघडते, सगळे आत येतात आणि खाणेपिणे होते. इथे वाट माणूसच पाहत नाही. देवही माणसाच्या दाराशी ताटकळत उभा असतो. पंढरपूरला विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहणारा देव ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी लोकांना ही उलट बाजू परकी वाटू नये. फिलिपिन्समध्येही याच नऊ दिवसांत ‘सिंबांग गाबी’ नावाच्या पहाटेच्या मिस्सा होतात, आणि चर्चबाहेर वाफाळते तांदळाचे केक विकायला असतात.

चाकावरच्या मेणबत्त्या

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत मार्टिन लूथरने आगमनकाळ कायम ठेवला. मिलानचा बिशप अंब्रोस याने चौथ्या शतकात रचलेले आगमनाचे लॅटिन स्तोत्र लूथरने 1524 मध्ये जर्मन भाषेत आणले. त्याच गीतावर योहान सेबास्टियन बाख याने 1714 आणि 1724 मध्ये दोन संगीतरचना केल्या. बाखच्या लाइपझिग शहरात पहिल्या रविवारनंतर नाताळापर्यंत चर्चमध्ये वाद्यवृंदासह असे मोठे संगीत करत नसत. शहरातील सर्वांत थोर संगीतकाराने तीन रविवार थांबायचे, हीही प्रतीक्षेचीच एक रीत होती. त्या शांततेनंतर नाताळच्या सकाळी कर्णे आणि नगारे वाजत, तेव्हा त्यांचा आवाज मनात भरे.

आज जगभर दिसणारे आगमनाचे चक्र प्रॉटेस्टंट समाजसेवेतून आले. योहान हिनरिश विखर्न या पाद्रीने 1833 मध्ये हॅम्बुर्गजवळ निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ नावाची संस्था काढली. नाताळ कधी येणार म्हणून मुले रोज विचारत, असे सांगितले जाते. 1839 मध्ये विखर्नने एक जुने गाडीचे चाक प्रार्थनागृहात टांगले आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी छोट्या तांबड्या. त्या वर्षी आगमनाचा पहिला रविवार 1 डिसेंबरला आला होता, म्हणून 24 तारखेपर्यंत चार मोठ्या आणि वीस छोट्या मेणबत्त्या लागल्या. रोज एक नवी ज्योत लागे. ज्या मुलांना कोणी शब्द देऊन पाळला नव्हता, त्यांना त्या चाकावर दिलेला शब्द रोज थोडा थोडा पाळला जाताना दिसत होता.

चाकाला पुढे सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्यांचे आच्छादन आले, आणि मेणबत्त्या चारच उरल्या. कॅथलिक चर्चांत हे चक्र विसाव्या शतकात शिरले. तिथे तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असते. जर्मन घरांत मुले दारावर खडूने चोवीस रेघा मारत आणि रोज एक पुसत. त्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या गेरहार्ड लांग याने छापलेली आगमनाची दिनदर्शिका निघाली. रोज एक छोटे दार उघडायचे आणि आतले चित्र पाहायचे, ही कल्पना पुढे जगभर गेली.

तारीख ठरवण्याचा मोह

प्रतीक्षेला कालगणना मिळाली तरी शेवटच्या दिवसाची तारीख मात्र कोणालाच ठाऊक नाही, असे शुभवर्तमान सांगते. तरीही ती शोधण्याचा मोह पुन्हा पुन्हा झाला. त्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मिलर या बॅप्टिस्ट शेतकऱ्याने दानीएलाच्या ग्रंथातील आकड्यांवरून पुनरागमनाचा काळ काढला, आणि त्याच्या अनुयायांनी शेवटी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस नक्की केला. हजारो लोक त्या दिवसाची वाट पाहत होते. काही शेतकऱ्यांनी शेतातले पीकही काढले नाही. तो दिवस इतर दिवसांसारखा उजाडला आणि मावळला. अमेरिकी इतिहासात त्याला ‘महान निराशा’ म्हणतात.

पुष्कळांनी चळवळ सोडली. राहिलेल्यांपैकी एका गटाने आपल्या आकलनाची नव्याने मांडणी केली, तारखा ठरवणे सोडले आणि 1863 मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट चर्चची स्थापना केली. त्याच्या नावातच आगमन आहे. या मंडळींनी वाट पाहता पाहता रुग्णालये आणि शाळा उभारल्या. पुण्यातील औंधचे स्पायसर विद्यापीठ त्यांचेच. निराशेच्या त्या रात्रीनंतर प्रतीक्षा टिकली ती रोजच्या कामात उतरल्यामुळे.

मराठीतील प्रतीक्षा

मराठीत या प्रतीक्षेला फार लवकर शब्द मिळाले. थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश येशूसंघी धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला आणि साष्टी भागात राहून येथील भाषा शिकला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्माच्या आधीपर्यंतचा इतिहास सांगते, म्हणजे ते सारेच तारकाची वाट पाहणाऱ्या पिढ्यांचे आख्यान आहे. ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्राचे आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणश्रवणाची सवय होती आणि ते ओव्यांत ऐकत आले होते. स्टीफन्सने त्यांना परके वचन ओळखीच्या छंदात दिले. ‘वैकुंठ’सारखे शब्द त्याने सहजपणे वापरले.

तीन शतकांनी नारायण वामन टिळकांनी (1861–1919) हीच वाट अभंगाची केली. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्यांनी आणलेल्या इंग्रजी चालींच्या गीतांनी मराठी मन भरत नाही असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी ख्रिस्तावर अभंग, ओव्या आणि भजने रचली. त्यांतला ख्रिस्त मराठी संतांच्या देवासारखा माऊली आहे, आणि त्याच्या भेटीची तळमळ वारकऱ्याच्या तळमळीसारखी आहे. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र ते पुरे करू शकले नाहीत. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाई टिळकांनी केले. ज्या लक्ष्मीबाई पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि मग स्वतःच्या विचाराने 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या, त्यांनी ते ओव्यांत लिहावे, यात शंका आणि श्रद्धा यांचा मराठी इतिहासच एकवटला आहे.

आज गोव्यात आणि वसईत आगमनकाळात चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचे चक्र असते आणि घराघरांत गोठ्याची तयारी चालते. माती, गवत, दगड जमवून गोठा उभा राहतो, गुरे आणि मेंढपाळ मांडले जातात. गव्हाणीतली बाळाची जागा मात्र बहुतेक घरांत 24 तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवतात.

कोठडीतील आगमन

विसाव्या शतकात प्रतीक्षेचे सर्वांत खडतर लेखन तुरुंगांतून झाले. हिटलरविरोधी कटाशी संबंध असलेला ल्यूथरन पाद्री डीट्रिख बोनहोफर याला एप्रिल 1943 मध्ये अटक झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्याने कोठडीतल्या आयुष्याची तुलना आगमनकाळाशी केली : माणूस वाट पाहतो, आशा धरतो, हे-ते करतो, पण दार फक्त बाहेरूनच उघडते. पुढच्या वर्षी त्याच तुरुंगात असलेल्या आल्फ्रेड डेल्प या येशूसंघी धर्मगुरूने बेड्या घातलेल्या हातांनी आगमनकाळावरची चिंतने लिहिली. ती धुण्याच्या कपड्यांत लपवून बाहेर नेली गेली. डेल्पला 2 फेब्रुवारी 1945 ला आणि बोनहोफरला 9 एप्रिल 1945 ला फाशी झाली. दोघांचेही दार बाहेरून उघडले नाही, निदान त्यांना हव्या त्या अर्थाने नाही. तरी त्यांचे लेखन निराशेचे नाही. त्यांनी आशेची किंमत कळल्यावरही ती सोडली नाही.

फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन व्हेय (1909–1943) हिने उंबऱ्यावरूनच वाट पाहिली. ख्रिस्तावर तिचे प्रेम होते, तरी तिने बाप्तिस्मा घेतला नाही. चर्चच्या बाहेर असलेल्या असंख्य लोकांना सोडून आत जाणे तिला पटत नव्हते. एका डॉमिनिकन धर्मगुरूला तिने 1942 मध्ये लिहिलेली पत्रे आणि निबंध तिच्या मृत्यूनंतर 1950 मध्ये ‘देवाची प्रतीक्षा’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाने प्रसिद्ध झाले. देवाला शोधत धावण्यापेक्षा एकाग्र होऊन थांबणे हे तिला अधिक खरे वाटे. कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांची खासगी पत्रे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनीही जवळपास पन्नास वर्षे देवाच्या अनुपस्थितीचा अंधार सोसल्याचे जगाला कळले. त्या काळातही त्यांचे पहाटेचे प्रार्थनेचे तास आणि दिवसभराची सेवा थांबली नव्हती.

तिसरा रविवार

दुसऱ्या व्हॅटिकन सभेनंतर 1969 मध्ये कॅथलिक पंचांग नव्याने आखले गेले. आगमनकाळ हा मुख्यतः आनंदाने वाट पाहण्याचा काळ आहे असे त्यात ठरवले गेले. पहिल्या टप्प्यात पुनरागमनाचा विचार आणि 17 डिसेंबरपासून जन्माची तयारी, अशी त्याची रचना झाली. शुभवर्तमानांच्या वाचनाचे तीन वर्षांचे चक्रही त्याच वेळी सुरू झाले.

या चक्रात तिसऱ्या रविवारला खास स्थान आहे. हा आनंदाचा रविवार. जांभळ्याच्या जागी गुलाबी वस्त्र, गुलाबी मेणबत्ती. आणि तीन वर्षांतून एकदा या आनंदाच्या रविवारी वाचले जाते ते तुरुंगातल्या योहानाचे शुभवर्तमान, ज्यात तो विचारायला पाठवतो की येणारा तो तूच ना. नव्या चक्रापूर्वीही शतकानुशतके हा उतारा आगमनकाळातच वाचला जात होता. येशू त्या प्रश्नावर रागावत नाही. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना शुभवर्तमान सांगितले जाते, एवढे योहानाला कळवा, असे तो निरोप्यांना सांगतो आणि ते गेल्यावर लोकांपुढे योहानाचा गौरव करतो. पुढच्या रविवारी चौथी मेणबत्ती लागते.